विहिरीवरचं जाम झालेलं इंजिन

प्रश्न : वरोऱ्याजवळ आमच्या शेतात आजोबांनी विहिरीवर बसवलेलं 6 अश्वशक्तीचं लिस्टर इंजिन 15 वर्षं बंद आहे. फ्लायव्हील हलत नाही. भंगारात द्यावं का?

उत्तर : मुळीच देऊ नका. इंग्लंडच्या डर्सली गावच्या कारखान्यातून 1930 च्या सुमारास आलेल्या मालिकेतलं हे मिनिटाला 650 फेऱ्यांचं संथ इंजिन पुन्हा उभं करता येतं. राजकोटला त्याच्या नकला वर्षानुवर्षं बनल्या, त्यामुळे सुटे भागही मिळतात.

हातोडा मात्र लावू नका. नोझल काढून त्या भोकातून डिझेल आणि पातळ तेल पिस्टनवर सोडा, 4-5 दिवस मुरू द्या. मग फ्लायव्हील मागंपुढं हळूहळू डोलवा. पिस्टन सुटला की हेड उघडा. त्याआधी टायमिंगच्या दातऱ्यांवर खुणा करून ठेवा. लायनर वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणी मोजा. गंजाचे खड्डे खोल असतील तर तो बदलाच, नुसत्या नव्या रिंगा टिकत नाहीत. जोडताना पिस्टन आणि हेडमधलं अंतर शिशाच्या तारेनं तपासा. इंजिन सहज सुरू होणं बरंचसं यावरच ठरतं.

फ्लायव्हीलची चावी ढिली असेल किंवा आऱ्याला तडा दिसला, तर हँडल मारूच नका. ते जड चाक सुटलं तर जीव जाऊ शकतो.