शेजाऱ्याचे शेत आणि आपला फटाका

नाताळ जवळ आला की आळीतल्या मुलांची दुहेरी लगबग सुरू होते, एक गोठा उभारण्याची आणि दुसरी फटाक्यांची. गोठ्यासाठी बांबू आणि पेंढा मागून मिळतो. फटाक्यांसाठी मात्र वर्गणी निघते, आणि आपण मोठी माणसे ती हसत देतो.

आमच्या शेजारच्या आजींना दमा होता. एका नाताळच्या रात्री मिस्सा आटोपून सगळे परतले आणि त्यांच्या खिडकीखालीच हजाराची माळ लागली. धूर घरात कोंडला. आजी रात्रभर पलंगावर उशीला टेकून बसून होत्या. सकाळी मी फराळाचे ताट घेऊन गेलो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "पोरांना रागावू नका, सणाचा दिवस आहे." त्या पोरांत माझाही मुलगा होता, आणि माळेचे पैसे मीच दिले होते.

पवित्र शास्त्रात निर्गमच्या २२ व्या अध्यायात, सहाव्या ओवीत, एक छोटासा नियम आहे. कोणी विस्तव पेटवला, तो काट्याकुट्यांतून पसरला आणि दुसऱ्याच्या धान्याच्या सुड्या किंवा उभे पीक जळाले, तर पेटवणाऱ्याने भरपाई द्यावी. पेटवणाऱ्याच्या मनात वाईट होते की नव्हते, हे तिथे विचारलेलेच नाही. विस्तव तुझा होता, मग त्याने कुंपण ओलांडल्यावरही तो तुझाच. डिसेंबरात आपल्याकडे भाताची झोडणी झालेली असते, पेंढ्याच्या उडव्या खळ्यात वाळत असतात. बाटलीत ठेवलेला बाण कुठे जाईल हे लावणाऱ्यालाही ठाऊक नसते. धूर आणि आवाज यांना तर कुंपणच नाही.

आता कायद्याविषयी थोडेसे. २०१५ मध्ये दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या नावाने त्यांच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर २३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने देशभरासाठी आदेश दिला. दिवाळीला रात्री ८ ते १०, आणि नाताळच्या व नववर्षाच्या आदल्या रात्री ११.५५ ते १२.३० ही वेळ ठरवून दिली. फटाक्यांच्या माळा आणि बेरियमचे क्षार असलेले फटाके यांना मनाई केली. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे नाताळची मिस्सा रात्री दहाच्या आत संपते आणि मग लगेच दारात फटाके लागतात. म्हणजे मिस्सा नियमात आणि फटाके नियमाबाहेर!

'हिरवे फटाके' नागपूरच्या नीरी या संस्थेने पुढाकार घेऊन तयार केले. त्यांत धुरातले घातक कण निदान ३० टक्के कमी असतात. हे चांगलेच आहे. पण उरलेल्या ७० टक्क्यांचे काय, हा प्रश्न दम्याच्या माणसाला विचारावा.

मेक्सिकोत तुल्तेपेक नावाचे गाव आहे. तिथली कितीतरी कुटुंबे दारूकामावर जगतात. त्यांचा आश्रयदाता संत जॉन ऑफ गॉड, सण ८ मार्चला. १५४९ मध्ये ग्रानाडा शहरातल्या इस्पितळाला आग लागली तेव्हा हा संत आत शिरला आणि त्याने रुग्णांना बाहेर काढले, अशी परंपरा आहे. त्याच तुल्तेपेकच्या फटाका बाजारात २० डिसेंबर २०१६ रोजी, ऐन नाताळच्या खरेदीत, स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. हाच बाजार २००५ आणि २००६ मध्येही जळाला होता. ज्यांचा हा पिढीजात धंदा, त्यांनाही आग आवरली नाही. आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातात आपण फुलबाजी देतो, तिचे टोक सुमारे हजार अंश तापते.

मग काहीच लावू नये का? मला तसे वाटत नाही. मुलांचा आनंद खोटा नसतो. पण घरोघरी वेगळे लावण्यापेक्षा आळीने मिळून एकाच मोकळ्या जागी, ठरलेल्या वेळात थोडेच लावावे. २०१८ च्या आदेशातही सामुदायिक फटाक्यांचाच आग्रह आहे. आजारी माणसाचे घर, तान्हे बाळ, गुरांचा गोठा आणि पेंढा यांपासून जागा दूर हवी. पाण्याच्या दोन बादल्या आधी भराव्यात. मुलांच्या अंगात सुती कपडे आणि जवळ एक मोठे माणूस असावे. न फुटलेल्या फटाक्याकडे वाकून पाहू नये. दुरूनच त्यावर पाणी ओतावे. लग्नाच्या वरातीलाही हेच लागू, तिथे तर लावणारा पुष्कळदा शुद्धीवरही नसतो.

भाजलेच तर भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नये. डोळ्याला लागले असेल तर चोळू नये, दाबू नये. डोळ्यावर स्वच्छ कागदी पेला उपडा धरून सरळ इस्पितळ गाठावे.

यंदा वर्गणीची वही दारात येईल तेव्हा मुलांना आत बसवून विचारा, कुठे लावणार, किती वाजता, आणि त्या जागेच्या शेजारी कोण राहते.