वात वळता आली नाही तर सांग

पोरी, आता तुला भेटायला येणारा जो तो एकच सांगेल: मन खंबीर ठेव, हसत राहा, पॉझिटिव्ह विचार कर. जीव आहे त्यांचा तुझ्यावर, म्हणून सांगतात. पण त्याने डोक्यावर एक भलतंच ओझं चढतं. रडू आलं, चिडचिड झाली, रात्री भीतीने झोप उडाली, की बाईला वाटतं, आता माझ्या विचारांनीच गाठ वाढणार. तसं होत नाही. तंबाखूच्या खर्र्यापायी आपल्या वऱ्हाडात गावोगावी तोंडाच्या कॅन्सरचे रोगी दिसतात ना, तशाच तोंडाच्या, घशाच्या, मानेच्या कॅन्सरचे १,०९३ रुग्ण अमेरिकेतल्या जेम्स कॉयन आणि त्यांच्या सोबत्यांनी तपासले आणि २००७ साली छापलं की मनाची उभारी किती होती यावरून कोण किती जगलं हे ठरलेलं दिसत नाही. तेव्हा रडायचं तेव्हा रड. त्याने तुझं आयुष्य कमी होणार नाही.

मन सांभाळायचं ते दुसऱ्या कारणाने. औषधाची वेळ चुकू नये, चार घास पोटात जावेत, पुढच्या भरतीच्या वेळी पाय मागे ओढू नये, यासाठी. आणि उपदेश ऐकून मन सांभाळलं गेल्याचं मी तरी पाहिलं नाही. दिवसाची मांडणी नीट केली की ते पुष्कळसं सांभाळलं जातं. हे मला माझ्या सासूबाईंनी दिलं. मामंजींना घेऊन त्या मुंबईला टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या करायच्या, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायच्या. पुढे माझ्या छातीत गाठ निघाली तेव्हा त्यांचं एकेक सांगणं मला उपयोगी पडलं. आता तुझी पाळी आहे, तर ऐकून घे.

गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ गेले. त्यांच्या नावाच्या त्या धर्मशाळेत टाटाला येणारे गोरगरीब थोड्या पैशांत राहतात, जेवतात. सासूबाई म्हणायच्या, "बाबानं जन्मभर खराटा धरला, त्याच्या दारात हातावर हात ठेवून बसाव का माणसानं?" रोज उठून त्या आधी आपली जागा झाडायच्या, मग मामंजींना चहा. तिथून त्यांनी नियम केला की दवाखान्यात रोग्यानेही आणि सोबतच्या माणसानेही रिकाम्या हाताने बसायचं नाही. त्यांचं माहेर दर्यापूरकडचं, कपाशीचं. पिशवीत सरकी काढलेला, पिंजलेला कापूस असायचाच. डॉक्टरांच्या राउंडची वाट, रिपोर्टची वाट, सलाईन संपायची वाट, सगळ्या वाटा त्यांनी वाती वळत काढल्या. मीही तेच केलं. रिपोर्टसाठी बाकावर बसल्यावर डोकं शंभर ठिकाणी धावतं. हाताला काम असलं की ते निदान खोलीत तरी राहतं.

तुलाही कापूस बांधून देते. देवाला वाहा, नाहीतर बाजूच्या बाईला दे. पण त्या वातीचा आणखी एक उपयोग आहे, तो मला पुढे कळला. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन अशा केमोच्या काही औषधांनी बोटांच्या आणि तळव्यांच्या नसा दुखावतात. सुरुवात बारीक असते, मुंग्या आल्यासारखी, आणि बाई म्हणते अशक्तपणा असेल. अंगठा आणि तर्जनीत कापूस धरून पीळ दे. एरवी डोळे मिटून वळणारी वात ढिली पडायला लागली, ब्लाउजचं हूक लागेना, पायातली चप्पल सुटली तरी कळेना, तर पुढच्या सायकलच्या आधी डॉक्टरांना सांग. ते औषधाची मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. सोसत बसलीस तर तो बधिरपणा केमो संपल्यावरही महिनोन्‌महिने राहतो, कधी कधी जातच नाही. सोसणं हा बायकांचा मोठा गुण आहे असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. या आजारात तो गुण घातक आहे. दुखतं ते सांग, किती दुखतं ते दहापैकी आकड्यात सांग.

नागपूरला तू ज्या दवाखान्यात जाणार, त्याला तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराज आपल्या यावलीचे. मोझरीत गुरुकुंज उभारलं, गावोगाव खंजिरी वाजवत लोकांना जागं केलं आणि ११ ऑक्टोबर १९६८ ला कॅन्सरनेच गेले. हे मुद्दाम सांगते. कारण घरात एखादी तरी म्हातारी "मागच्या जन्माचं पाप वो माय" असं पुटपुटेल. तिला एवढंच विचार, महाराजांनी कोणतं पाप केलं होतं? हा आजार पेशींचा आहे. तुझ्या करणीशी त्याचा हिशेब लावू नको, कुणाला लावू देऊ नको.

आता दिवसांचं. एक वही कर. केमो कोणत्या तारखेला, कितवी, रक्तात पांढऱ्या पेशी किती, उलटी-जुलाब-ताप कोणत्या दिवशी, सगळं लिही. दोन सायकलमध्ये तुझ्या शरीराची चाल तुला कळेल. बहुतेकांना केमोसोबत मळमळ रोखायला डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात. त्याने पहिले दोन दिवस हुशारी वाटते, भूक लागते, झोप लागत नाही. ते थांबलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग गळून जातं आणि मन एकदम तळाला जातं. त्या दिवशी वाटतं, आता नाही होत, सोडून द्यावी ट्रीटमेंट. वहीत त्या तारखेवर आधीच खूण करून ठेव आणि त्या दिवशी कोणताही निर्णय घेऊ नको. औषध उतरतंय एवढंच ते असतं. दोन दिवसांनी उठशील. नवऱ्यालाही ती तारीख दाखवून ठेव, म्हणजे तो घाबरणार नाही आणि भाषणही देणार नाही.

ओन्डान्सेट्रॉनच्या गोळीने उलटी थांबते, पण पोट बांधलं जातं. तिसऱ्या दिवसापर्यंत वाट न पाहता डॉक्टरांना औषध विचार. लाल रंगाची केमो असेल तर लघवीही दिवसभर लाल होते, ते रक्त नसतं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही. सिस्टर बदलत असतात, दर वेळी तूच आधी सांगायचं. आणि तुझं वय लहान आहे म्हणून उघड बोलते: मूल हवं असेल तर केमो सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचार. नंतर विचारून उपयोग नसतो. सासूसमोर लाज वाटत असेल तर मी येते सोबत.

खाण्याचं एक गुपित ऐक. केमोच्या दिवशी तुझा आवडता गोळाभात करू नको, पाटवडीही नको. १९७८ साली इलीन बर्नस्टाइन नावाच्या बाईंनी केमो घेणाऱ्या मुलांना आधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं, तर पुढे त्या मुलांना ते नकोसं झालं. शरीर मळमळीचा दोष शेवटच्या चवीवर टाकतं. त्या दिवशी साधं काहीतरी खा: ज्वारीच्या मऊ कण्या, कुटकीचा भात, मूग डाळीचं पाणी. आवडीचं चांगल्या दिवसांसाठी राखून ठेव. थोडं थोडं, दोन-दोन तासांनी. तोंड आलं असेल तर संत्रं झोंबेल, पण त्याची साल टाकू नको. चिखलदऱ्याच्या घाटात मळमळलं की नखाने साल चिमटून वास घ्यायचा. मला परतवाड्यापासून वरपर्यंत त्याच वासाने आणलंय. तरी केमो झाल्या दिवशी घाट चढूच नको. तीसेक किलोमीटरची ती वळणं धडधाकट माणसालाही उलटी करवतात. रात्रभर परतवाड्याला नाहीतर अमरावतीला मुक्काम कर आणि सकाळी निवांत वर ये.

आपल्या चिखलदऱ्याच्या थंडीचंही बघावं लागतं. ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असेल तर गार पाणी, गार भांडं, गार वारा, सगळ्याने बोटांना आणि घशाला झटका बसल्यासारखं होतं. घशात तर श्वास अडकल्याचा भास होतो, माणूस घाबरून जातो. पाणी कोमट प्यायचं, नळाला हात लावताना हातमोजा, तोंडावर ओढणी. केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळायला लागतात. उशीवर झुबके बघत बसण्यापेक्षा आपणच आधी बारीक कापून घेतले तर बरं वाटतं. लोकरीची टोपी मी विणली आहे, ती दोन्ही कान झाकते.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली असतात. त्या दिवसांत मोथा गावची स्ट्रॉबेरी कितीही लालबुंद दिसली तरी खायची नाही, सोलता येत नाही ना ती. केळी, संत्री सोलून खा. गवळ्याकडचं दूध उकळी येऊन वर चढेपर्यंत तापवायचं. गर्दीच्या लग्नात जायचं नाही. शक्य असेल तर ते आठ दिवस खालीच, दवाखान्याजवळच्या नातलगाकडे काढ. पावसाळ्यात धुकं उतरलं की घाटात हात पुढे केला तरी दिसत नाही, फोनही लागत नाही. हे तुला सांगायला नको.

भुमक्याचं, म्हणजे कोरकूंच्या वैदूचं, औषध आणून देणारे भेटतील. जंगलातल्या मुळ्या-पाल्यांची ओळख कोरकू माणसाला जेवढी आहे तेवढी मला नाही, त्यांचा मला आदर आहे. पण केमो चालू असताना कोणताही काढा, कोणतीही मुळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात घ्यायची नाही. त्याच लिव्हरला केमोचं औषधही निस्तरायचं असतं.

भेटायला येणाऱ्यांचं अवघड असतं. आपल्याकडे आजारी माणसाला पाहायला अख्खं गाव येतं आणि प्रत्येकाला गोष्ट पहिल्यापासून हवी असते. सांगून सांगून तू दमशील. घरातल्या एकाकडे ते काम दे. तब्येत कशी आहे ते व्हॉट्सअॅपवर तोच टाकेल. आणि जे विचारतात "काय मदत करू?", त्यांना मोकळेपणाने काम सांग: मंगळवारी डबा दे, पोराला शाळेत सोड, गाय पाहा. मदत मागितली की येणारालाही हलकं वाटतं. "वाघिणीसारखी लढ" असंही कुणी म्हणेलच, मेळघाटातच राहतो आपण. तर लक्षात ठेव, वाघीणही दिवसाचा बहुतेक वेळ सावलीत पडूनच असते. तूही पड. पण जेव्हा जमेल तेव्हा अंगणात दहा मिनिटं चाल. थकव्यावर चालण्याइतका उपाय मला दुसरा सापडला नाही, आणि डॉक्टरही तेच सांगतात.

कागदांचं थोडक्यात. रेशन कार्ड, आधार, सगळे रिपोर्ट यांचे दोन संच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार होतात. दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, भरती होण्याआधी त्याला गाठ. बायॉप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड जपून ठेव, पुढे मुंबईला दुसरं मत घ्यायचं झालं तर तेच मागतात. रेल्वेत उपचाराच्या प्रवासाला स्लीपरचं तिकीट कॅन्सरच्या रुग्णाला माफ असतं, सोबतच्या एकाला पाऊण सवलत. त्यासाठी दवाखान्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यायचं. डॉक्टरांना काय विचारायचं ते आदल्या रात्री वहीत लिही आणि आत जाताना दुसरं माणूस ने. भीतीत अर्धं ऐकूच येत नाही. पहिला प्रश्न हा विचार: हे उपचार बरं करण्यासाठी आहेत की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी? उत्तर काहीही असो, ते माहीत असलेलं बरं.

उदास वाटणं वेगळं आणि सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगावंसं वाटत नाही हे वेगळं. तसं झालं तर तेही दुखणंच आहे, त्यालाही औषध आहे. डॉक्टरांना सांग. नाही सांगवलं तर १४४१६ वर फोन कर, ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मराठीत बोलतात. आणि मला कर, कोणत्याही वेळी.

शेवटी ठेवलं ते सगळ्यांत महत्त्वाचं. घरात थर्मामीटर हवाच. केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला की घरातली गोळी घेऊन उतरण्याची वाट पाहायची नाही. पेशी कमी असताना साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेततो आणि शिरेतून अँटिबायोटिक दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात सुरू व्हावं लागतं. नागपूर इथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. तिथपर्यंत जाऊन सुरू करू म्हणू नका. आधी आपलं ग्रामीण रुग्णालय किंवा अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा, "केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली" हे लिहिलेला डिस्चार्ज कागद दाखवा, तिथूनच तुमच्या डॉक्टरांना फोन लावा आणि मग पुढे जा. १०८ ला फोन करा, गाडी मिळेना तर शेजारच्याची जीप उठवा. रात्रीचे दोन वाजलेले असोत, धुकं असो, पाऊस असो, सकाळ होऊ द्या असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.