काडी ओढण्याआधी

बाळा, न्यू जर्सीत बिऱ्हाड लागलं नाही तोच तुझा पहिला प्रश्न फराळाचा नाही, फटाक्यांचा! लहानपणीही आंघोळीआधी माळ मागायचास. इथल्या इतक्या दिवाळ्यांतून गाठीला बांधलेलं सांगते, सूनबाईलाही वाचून दाखव.

१. दुकान शोधण्याआधी कायदा शोध — इथे राज्याराज्याचा फटाक्यांचा कायदा वेगळा, आणि त्यावर गावाची आणखी बंधनं असू शकतात. 'आधी विचारावं, मग पेटवावं' हे आपलं घरचं सूत्र समज.

२. न्यू जर्सीत २०१७पासून फुलबाज्या, नागगोळ्या, धुराचे प्रकार आणि आपटबार चालतात. घेणारा निदान सोळा वर्षांचा हवा. लवंगी माळ नाही, बाण तर नाहीच — बाण कुणाच्या छपरावर उतरेल ते लावणाऱ्याच्या हातात नसतं, आणि इथली घरं बहुतेक लाकडाची.

३. डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात अठरा वर्षांवरच्या कुणालाही बाण आणि माळा मिळतात. गाडीची डिकी भरायचा मोह आवर — तिथे रीतसर घेतलेलं खोकं पूल ओलांडून इकडे आणलंस की बेकायदा ठरतं. पुलापलीकडचा बार पुलापलीकडेच बरा.

४. तिकडे मित्राकडे उडवणार असाल तर आधी अंतर मोजा: कुठल्याही इमारतीपासून किंवा गाडीपासून १५० फूट, आणि जागामालकाची परवानगी. टाउनहाऊसच्या मागच्या अंगणात एवढं अंतर मावतच नाही. पार्टीत प्यायलेल्याने काडीला हात लावायचा नाही — हेही तिथल्या कायद्यातच आहे.

५. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान कर, कारीट मिळालं तर फोड, पण बार नको — पेनसिल्व्हेनियात रात्री दहा ते सकाळी दहा मनाई आहे. चार जुलैच्या सुमारास आणि ३१ डिसेंबरला रात्री एकपर्यंत सूट मिळते. दिवाळीला २०२४ साली त्या राज्याने सणाची मान्यता दिली, ही सूट मात्र दिलेली नाही. मला वाटतं, एक दिवस तीही मागायला हवी, पण रीतसर अर्ज करून.

६. बॉस्टनच्या ताईकडे भाऊबीजेला जाताना फुलबाजीचं पाकीटसुद्धा नेऊ नकोस — मॅसॅच्युसेट्समध्ये सर्वसामान्य माणसाला सगळेच फटाके बंद, अगदी फुलबाजीही. शेजारच्या न्यू हॅम्पशरमधून आणलेली असली तरी पोलीस जप्त करतात. न्यूयॉर्क शहरातही तेच.

७. कॅलिफोर्नियातल्या तुझ्या मित्राला सांग, ऑक्टोबरात दुकान शोधू नकोस — तिथे विक्री २८ जून ते ६ जुलै, तीही परवानगी देणाऱ्या गावांतच. या देशाचं फटाक्यांचं पंचांग चार जुलैवर बेतलेलं आहे.

८. तुझे आई-बाबा विमानाने येणार आहेत ना? आईला एकेक नाव घेऊन सांग: फुलबाजी नाही, टिकल्या नाहीत, आपटबार नाही, ना हातातल्या पिशवीत ना मोठ्या बॅगेत — तिच्या लेखी फुलबाजी फटाक्यांत मोडत नाही, विमानाच्या नियमात मोडते. पोस्टानेही धाडू देऊ नकोस.

९. लेबल नसलेला, जाड पुठ्ठ्याचा मोठा बार कुणी प्रेमाने दिला तरी घेऊ नकोस — जमिनीवर फुटणाऱ्या फटाक्यात ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त बाराची दारू या देशात सामान्य माणसासाठी चालत नाही.

१०. आता फुलबाजीचं नीट ऐक, कारण सगळ्यांत गाफील आपण तिच्याशीच असतो. तिची ठिणगी हजार अंश सेल्सियसच्या वर तापते, आणि विझल्यावरही तार चटका देते. पाण्याची बादली आधी भर, मग काडी ओढ. जळकी तार थेट बादलीत, गवतावर नाही — अंधारात ती दिसत नाही, आणि पोरं अनवाणी धावत असतात. एका वेळी एकाच्या हातात एकच, हात लांब धरून. फोटोसाठी नव्या साडीचा पदर मोकळा सोडायचा सूनबाईचा बेत असेल तर पदर खोचूनच फोटो काढ — कृत्रिम धाग्याचं कापड वितळून कातडीला चिकटतं. कडेवरच्या बाळाच्या हाती फुलबाजी मुळीच नको.

११. न पेटलेलं पुन्हा पेटवायचं नाही, वाकून बघायचंही नाही — वीस मिनिटं थांब, मग पाण्यात बुडव. रात्रभर भिजू दे, सकाळी कचऱ्यात टाक.

१२. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना चार दिवस आधी चकल्यांची डबी घेऊन सांगून ये — नोव्हेंबरात अचानक उजेड-आवाज झाला की त्यांचा कुत्रा बिथरतो आणि तेही दचकतात. सांगितलं की बहुतेक जण पोरांना घेऊन बघायलाच येतात.

१३. भाडेकरार आणि सोसायटीचे नियम आजच काढून वाच, आणि उद्या तुझ्या गावच्या फायर मार्शलच्या कचेरीत फोन करून विचार, 'आमच्या अंगणात काय चालेल?' — ऐन दिवाळीत संध्याकाळी कचेरी बंद असते, आणि मग तू मला फोन करशील.