सांधेदुखी, श्वान आणि जीवनसत्त्वे

झिजेचा संधिवात माणसाप्रमाणेच कुत्र्यालाही होतो. त्यामुळे आजोबांच्या गुडघ्यांसाठी आणलेले औषध घरच्या कुत्र्यालाही द्यावे, असा मोह होतो. तथापि दोघांची शरीरे सारखी नाहीत. ‘क’ जीवनसत्त्व माणसाला आहारातूनच मिळवावे लागते. कुत्र्याचे यकृत ते स्वतः तयार करते. ‘ड’चे उलट आहे: आपली त्वचा उन्हात ते बनवते, कुत्र्याला ते अन्नातूनच मिळते.

‘ड’ची कमतरता भरून काढलीच पाहिजे, बालकांचा मुडदूस आम्ही त्यानेच बरा करतो. मात्र २०१३ व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रत्येकी दोन वर्षांच्या चाचण्यांत झिजलेल्या गुडघ्याची वेदना ‘ड’ने लक्षणीय कमी झाली नाही.

६०,००० एककांच्या पुडीत दीड मिलिग्रॅम ‘ड’ असते. कुत्र्यात दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅमलाच विषबाधा दिसू शकते. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक पुडीही घातक ठरू शकते. रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे निकामी होतात.

लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या आजन्म अभ्यासात पाव हिस्सा कमी आहार मिळालेल्यांना संधिवात उशिरा व सौम्य झाला. आटोपशीर वजन आणि नित्य चालणे हा दोघांचाही समान उपचार होय. औषधाची पुडी मात्र ज्याची त्यालाच द्यावी.