सुट्टी मिळाली, उपचार संपले नाहीत
२४ जुलै २०१४. तेलंगणात मासाईपेटच्या बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर नांदेड-सिकंदराबाद पॅसेंजरने शाळेची बस उडवली. डझनाहून जास्त लेकरं गेली. वाचलेल्यांचं पुढे काय, हे सहसा कोणी विचारत नाही.

अशा धडकेत वरून नुसतं खरचटलेलं दिसतं, आत मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव असू शकतो. घरी आणल्यावर दोन दिवस जखमीला एकटं सोडू नका. पुन्हापुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, पोट ताठणं दिसलं तर १०८ ला फोन करा. ‘दमलाय, झोपू द्या’ हे आम्ही वस्तीत फार ऐकतो!

रोजी बुडते म्हणून फिजिओथेरपी सोडली की सांधा आखडतो. महिन्यानंतरही लेकरू रात्री दचकतं, ऑटोत बसत नाही? अंगारा नको, केसपेपर घेऊन विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागात न्या.