गरम होणारा लॅपटॉप आणि कापडाची लव

१ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. लागू झाला आणि आमच्यासारख्या लाल वहीवर उमर काढलेल्या कापड दुकानदारांच्या गादीवर लॅपटॉप येऊन बसला. आम्ही उर्दू माध्यमात शिकलेलो, इंग्रजीशी संबंध बिलावरील आकड्यांपुरताच. तरीही शिकावे लागले. आता अडचण अशी की हे यंत्र तापून बंद पडू लागले की मालक घाबरतो व कारागीर जे सांगेल ते मान्य करून पैसे मोजतो. आमच्या करमाडच्या दुकानात जे घडले ते व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथे सविस्तर देत आहोत.

मे २०२३ ची गोष्ट. २२ एप्रिलला रमजान ईद होऊन गेली होती आणि लग्नाचे गिऱ्हाईक सुरू होते. २० तारखेच्या आत जी.एस.टी.चे ३-बी पत्रक भरायचे होते. दुपारी एकच्या सुमारास लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करू लागे, बिल निघायला दोन दोन मिनिटे लागत आणि मग एकाएकी पडदा काळा. एकदा तर हिशोबाची फाईलच उघडेना. तीन दिवसांच्या उधारीच्या नोंदी गेल्या. कच्च्या चिठ्ठ्यांवरून त्या परत लिहिल्या, तरी एका जुन्या गिऱ्हाइकाशी रकमेवरून बोलाचाली झालीच. पैसा येतो-जातो, परंतु वीस वर्षांचा व्यवहार असलेला माणूस आपल्या हिशोबावर शंका घेऊन दुकानाची पायरी उतरतो, ते नुकसान कोणत्या खात्यात लिहावे?

शहरातील एका दुरुस्तीवाल्याने यंत्र न उघडताच सांगितले, “चाचा, मदरबोर्ड गेला, नऊ हजार लागतील.” आम्ही यंत्र परत आणले. कापड न उलगडता त्याचा दोष सांगणारा माणूस आमच्या धंद्यात टिकत नाही.

प्रथम हे समजून घ्यावे की लॅपटॉप जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. कामात असताना तीस-चाळीस वॅट, म्हणजे जुन्या काळचा एक पिवळा बल्ब त्या चपट्या डब्यात पेटलेला आहे असे समजा. प्रोसेसर नावाच्या नखाएवढ्या तुकड्यात ही उष्णता तयार होते. तेथून एका मलमासारख्या पेस्टमधून ती तांब्याच्या नळीत जाते, नळीतून पातळ पत्र्यांच्या जाळीत, आणि पंखा त्या जाळीतून हवा फेकून ती बाहेर काढतो. या साखळीतील एक कडी अडली की तापमान चढते. साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर आपली चाल मुद्दाम कमी करतो, म्हणून काम मंदावते. तरीही ताप उतरला नाही तर जळण्यापासून वाचण्यासाठी यंत्र स्वतःच बंद होते.

आता निदान. आधी पाहावे की यंत्र केव्हा बंद पडते. लाईट गेल्याबरोबर बंद पडत असेल तर बॅटरी कमजोर आहे, उष्णतेचा संबंध नाही. चार्जर लावलेला असताना अर्ध्या तासाने बंद पडते, लगेच चालू केले तर पुन्हा बंद, आणि पंधरा-वीस मिनिटे थंड झाल्यावर नीट चालते, ही उष्णतेची खूण. आमचे असेच होत होते. रात्री घरी लाकडी टेबलावर तेच यंत्र दोन तास बिनतक्रार चालले. बोर्ड गेला असता तर तो घर आणि दुकान असा भेद कशाला करील?

दुकानात ते गादीवर असे. बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात. मऊ गादीत ती छिद्रे बुजून जातात. आम्ही खाली लाकडी पाट ठेवला, थोडा फरक पडला, पण रोग पूर्ण गेला नाही.

मग कारभार तपासला. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की कोणता प्रोग्राम किती काम करतो ते दिसते. काहीही उघडलेले नसताना प्रोसेसर सतत साठ-सत्तर टक्के कामात असेल तर दोष एखाद्या नको असलेल्या प्रोग्रामचा असतो. आमच्याकडे तो आकडा पाच टक्केच होता.

यानंतरची परीक्षा आम्ही आमच्या मालातूनच शोधली. जॉर्जेटची बोटभर रुंद पट्टी कापून हवा बाहेर पडते त्या फटीसमोर धरावी. पंख्याचा आवाजच नसेल तर पंखा खराब. पंखा गरगरतो पण पट्टी हलत नाही, तर जाळी तुंबली. पट्टी चांगली फडफडते पण येणारी हवा थंडच आणि यंत्र मात्र तापलेले, तर उष्णता जाळीपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे पेस्ट सुकली किंवा नळी निकामी झाली. आमची पट्टी जागची हलली नाही.

ओळखीच्या एका मुलाला बोलावून यंत्र समोर उघडायला लावले. चार्जर काढून, बॅटरीची जोडणी सोडवून मगच हात घालावा. आत काय निघाले? पंखा आणि जाळी यांच्या मध्ये नमद्यासारखा दाट थर! आमच्याच कापडाची लव. दिवसभर थान उलगडायचे, टराटरा फाडायचे, तागे झटकायचे. ती लव पंख्याने ओढली आणि जाळीवर नेऊन बसवली. मालेगाव-भिवंडीच्या लूमवाल्यांना हे नवे नाही, तेथे मोटारीवरची रुई झाडावीच लागते. आपल्या दुकानात ती डोळ्यांना दिसत नाही एवढेच. बाहेरून ब्लोअर मारणारे हा थर मागे पंख्यात ढकलतात, तो बाहेर येत नाही. थर चिमट्याने उचलावा, उरलेली धूळ मऊ ब्रशने काढावी, आणि ब्लोअर मारताना पंखा काडीने अडवून धरावा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो.

पेस्टही खडूसारखी कोरडी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी लावली. स्क्रू एका बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत, म्हणजे दाब सारखा बसतो. एकूण खर्च सहाशे रुपये. त्याच बिलांच्या कामावर तापमान ९७ वरून ७८ अंशांवर आले. मे महिन्यात खोली दहा अंशांनी तापली तर प्रोसेसरही तितकाच चढतो, म्हणून भर दुपारी आकडा थोडा वाढतो, पण यंत्र बंद पडत नाही.

बॅटरी फुगली असेल, म्हणजे माऊसची पाटी वर उचललेली दिसत असेल, तर घरगुती इलाज करू नये. ती दाबणे वा टोचणे म्हणजे आगीला बोलावणे. यंत्र बंद ठेवून जाणकाराकडे न्यावे. काही जण लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवतात. त्याने आत पाणी सुटते.

आता आमचा लॅपटॉप कापड फाडण्याच्या जागेपासून दूर, गल्ल्याच्या पलीकडे लाकडी पाटावर असतो. रमजानच्या खरेदीपूर्वी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा तो उघडून साफ करतो. उधारीची नक्कल रोज संध्याकाळी पेन ड्राईव्हवर घेतो. जॉर्जेटची ती पट्टी अजून गल्ल्यात आहे, महिन्यातून एकदा फटीसमोर धरून पाहतो.