जुन्या दारावर नवा रंग

दिवाळी जवळ आली की घरोघर दारे रंगवतात. बाजारातून डबा आणायचा, कुंचला बुडवायचा, अन् जुन्या रंगावरच हात मारायचा. मीही एकदा तसेच केले. आमच्या माजघराचे दार चकचकीत तैलरंगाचे होते. त्यावरच हिरवा रंग दिला. दिवाळीत दार झकास दिसले. शिमग्याला त्याचे पापुद्रे सुटू लागले. रंग वाईट नव्हता. घाई माझी होती.

असे का होते? चकचकीत रंग काचेसारखा गुळगुळीत असतो. नव्या रंगाला तिथे धरायला जागाच नसते. गिलावा धरावा म्हणून गवंडी आधी भिंत टोचून घेतो ना? तसेच हे.

आधी दार धुवा. कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घाला, फडक्याने पुसा. कडीजवळ हाताचे तेल बसलेले असते, तिथे जास्त चोळा. मग साध्या पाण्याने दोनदा पुसून वाळू द्या.

आता घासायचे. इथे नीट लक्ष द्या. पूर्वीच्या पुष्कळ तैलरंगांत शिसे असे. शिसे हे विष आहे. कोरडे घासले तर त्याची धूळ घरभर बसते. रांगते मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते. शिशाने मुलाचे डोके मंदावते, शिकणे जड जाते, आणि झालेले नुकसान भरून येत नाही. पोटुशी बाईलाही ते घातक. रंगाकडे पाहून शिसे कळत नाही. म्हणून जुने दार असेल तर शिसे आहे असेच धरून चाला.

दुकानात वॉटर पेपर मागा. त्याच्या पाठीवर आकडा छापलेला असतो, तो स्वतः वाचून घ्या. १८० किंवा २२० चालेल. कागद पाण्यात बुडवून घासा. लाकूड खरवडायचे नाही, फक्त चकाकी घालवायची. बाजूने उजेड पाडून बघा. जिथे चमकते तिथे पुन्हा घासा. खाली जुने प्लास्टिक अंथरा. मुलांना, पोटुशीला शेजारी पाठवा. मध्येच तंबाखू मळू नका. आधी साबणाने हात धुवा. निघालेला गाळ प्लास्टिकसकट गुंडाळून बांधा. परसात, विहिरीपाशी टाकू नका. ते कपडे वेगळे धुवा. जुना रंग जाळून काढतात, ते मुळीच करू नका. वाफेतून शिसे छातीत जाते. दाराचा रंग फारच फुटलेला असेल तर घरी हात घालू नका, जाणत्या रंगाऱ्याला दाखवा.

दार दिवसभर वाळू द्या. लाकूड उघडे पडले असेल तिथे प्रायमर द्या, भोकांत लांबी भरा. वाळल्यावर हलके घासून पुसा.

नवा डबा घेतानाही विचारा. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे नको, असा नियम सरकारने २०१६ साली केला. तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावरची छपाई बहुधा इंग्रजीत असते. शाळेतल्या मुलाला बरोबर न्या, त्याच्याकडून वाचून घ्या. पहिला हात पातळ द्या. तो पुरता वाळला की दुसरा.